मकडी ती, कोळी तो

श्रोतेहो, आमच्या घरात दोन भाषा नांदतात. चुलीपाशी, दस्तरखानावर, भांडणात आणि लाडात हिंदी-उर्दू. आणि अंगणाच्या फाटकाबाहेर पाऊल टाकलं की मराठी. कामठ्यात लहानाचा मोठा झालो, मराठी शाळेत शिकलो, बी. ए. झालो आणि कविता सुचायला लागल्या त्या मराठीतच. त्यामुळे दोन भाषांच्या उंबरठ्यावर अडखळायची मला सवय आहे. कोळी नावाच्या प्राण्याशी मी असाच अडखळलो.

घरात आम्ही त्याला मकडी म्हणतो. मकडी ती. जाळं विणते, कोपऱ्यात बसते. मराठीत मात्र कोळी तो. जाळं विणतो, कोपऱ्यात बसतो. मराठीत त्याचं स्त्रीलिंग करायला जावं, तर ‘कोळीण’ म्हटल्याबरोबर मुंबईची मासे विकणारी बाई डोळ्यांपुढे उभी राहते. आमच्या तलावांच्या जिल्ह्यात मासे धरणारे ढिवर, म्हणून इथे कोळी म्हटलं की भिंतीवरचाच आठवतो, एवढाच फरक. कुरआनच्या एकोणतिसाव्या सुऱ्याचं नावच ‘अल्-अन्कबूत’, म्हणजे मकडी. त्यातल्या आयतीत मकडी घर बांधते, तिथे अरबी क्रियापद स्त्रीलिंगी आहे, हे लहानपणी मौलवीसाहेबांनी सांगितलेलं लक्षात आहे. एकच जीव, उंबरठ्याच्या आत बाई आणि बाहेर पुरुष. प्रत्यक्षात तो काय आहे, हे त्याला विचारायचं आमच्यापैकी कुणालाच कधी सुचलं नव्हतं.

ते विचारायची वेळ माझ्या भाच्यामुळे आली.

हा माझ्या मोठ्या बहिणीचा, आपाचा मुलगा. इंग्लंडात लेस्टरला नोकरी करतो. त्याची बायको सहा महिन्यांची गरोदर होती. पहिलं बाळंतपण आपल्या माणसांत व्हावं म्हणून तिला सोडायला तो तीन आठवड्यांच्या रजेवर आला. बॅगेत सगळ्यांसाठी चॉकलेटं, अत्तर, स्वेटर. माझ्यासमोर मात्र त्याने एक छोटी प्लॅस्टिकची डबी ठेवली. आत कापूस आणि कापसावर एक केसाळ, आठ पायांचा, तळहाताएवढा कोळी.

मी दचकून मागे सरकलो. तो हसून म्हणाला, “मामू, हा रिकामा आहे. ही नुसती कात आहे. जनावर तिकडेच आहे, मित्राकडे.”

मग कळलं की भाच्याने तीन वर्षांपूर्वी एक टॅरंटुला पाळला. मूळ मेक्सिकोची, पायांच्या सांध्यांवर शेंदरी पट्टे असलेली ही जात. विलायतेत हा शौक पुष्कळांना आहे आणि तिथे ही पिल्लं पाळणाऱ्यांच्या घरीच जन्मतात. भाच्याने घेतलं तेव्हा ते नखाएवढं होतं. इतक्या लहान पिल्लाचा नर की मादी हे कुणी सांगू शकत नाही, म्हणून ते स्वस्त मिळतं. खात्रीची मादी हवी असेल, तर कितीतरी जास्त पैसे मोजावे लागतात.

“मादीला जास्त?” मी विचारलं.

“मादीलाच,” तो म्हणाला. “सगळ्यांना मादीच हवी असते.”

कारण साधं आहे. या जातीची मादी पंचवीस वर्षंही जगते. नर वयात येण्यापूर्वी शेवटची कात टाकतो आणि त्यानंतर साधारण वर्षभरात संपतो. म्हणजे घरातलं हे जनावर आणखी वीस वर्षं सोबत करणार की दोन-चार वर्षांत जाणार, हे त्याच्या लिंगावर ठरतं. भाच्याचा त्यात जीव गुंतलेला. परमुलखातल्या एकट्या खोलीत पहिली तीन वर्षं कामावरून आल्यावर तो ज्याला सलाम करायचा, तो हाच जीव होता. शेवटची कात त्याने जपून ठेवली आणि इथे आणली, कारण त्याला आमचे सर आठवले.

आमचे सर म्हणजे गावातले जीवशास्त्राचे निवृत्त शिक्षक. भाचा त्यांचा विद्यार्थी. निवृत्तीच्या पैशातून सरांनी स्वतःसाठी एकच चैनीची वस्तू घेतली, ती म्हणजे एक सूक्ष्मदर्शक. निरोप मिळाल्याबरोबर रविवारी सकाळी ते स्कूटरवर, पिशवीत सूक्ष्मदर्शक घेऊन हजर झाले. ओसरीवर उजेडात मेज मांडलं. मी, भाचा आणि शेजारची चार पोरं भोवती. आपा आणि सूनबाई आत तांदूळ निवडत बसलेल्या.

सरांनी आधी सगळ्यांना ताकीद दिली. अमेरिका खंडातल्या अनेक टॅरंटुलांच्या पोटावर बारीक, टोचणारे केस असतात. जनावर चिडलं की मागच्या पायांनी ते उडवतं. कातीवरही ते राहतात. तेव्हा फुंकर मारायची नाही आणि हात डोळ्यांना लावायचा नाही. आपल्याकडच्या टॅरंटुलांना असे केस नसतात, असंही ते म्हणाले.

“आपल्याकडे आहेत?” एका पोराने विचारलं.

आहेत. पोकॉक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने 1899 मध्ये भारतातल्या अशा कितीतरी कोळ्यांना शास्त्रीय नावं दिली. झाडांच्या ढोलीत राहणारा, अंगावर राखाडी-पांढरी नक्षी असलेला एक देखणा टॅरंटुला महाराष्ट्राच्या जंगलांतही आहे. ‘पोसिलोथेरिया’ हे त्याच्या कुळाचं नाव. पावसाळ्यात एखाद्याच्या घरात मोठा केसाळ कोळी शिरतो, बोंबाबोंब होते आणि झाडूने त्याचा निकाल लागतो. सर म्हणाले, “तो बहुतेक वेळा नर असतो. मादी आपलं बीळ सोडून सहसा जात नाही. नर वयात आला की घर सोडतो आणि मादीच्या शोधात भटकतो. तेवढ्याच एका कामासाठी त्याचं उरलेलं आयुष्य असतं. आपण त्याला वाटेत गाठतो.”

मी आजवर किती नवरदेवांचे बळी घेतले, याचा मनातल्या मनात हिशेब केला.

मग सरांनी काम सुरू केलं. कोळ्याचा सांगाडा अंगाच्या आत नसतो, बाहेर असतो. कातडी हाच सांगाडा. अंग वाढतं, कातडी वाढत नाही. म्हणून टॅरंटुला ठरावीक काळाने उताणा पडतो आणि जुन्या कातडीतून पाय एकेक करून ओढून काढतो, जसे आपण ओल्या हातांतून मोजे काढावेत तसे. नवख्या माणसाला वाटतं, मेला. पण उताणा पडला की कात टाकतोय, हे पाळणाऱ्याला ठाऊक असतं. पायांची आणि छातीची कात टणक राहते. पोटाची मात्र कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ आणि चुरगळलेली निघते. उत्तर असतं ते त्या चुरगळलेल्या पापुद्र्यात.

सरांनी बशीत पाणी घेतलं, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला आणि कात त्यात सोडली. पंधरा-वीस मिनिटांत ती मऊ झाली. मग बारीक कुंचल्याने आणि दोन टाचण्यांनी त्यांनी पोटाचा पापुद्रा उलगडला, आतली बाजू वर करून काचेवर पसरला. त्यात चार फिकट पांढरे ठिपके दिसू लागले. ही कोळ्याची फुफ्फुसं. पुस्तकाच्या पानांसारखे पातळ पदर असतात, म्हणून शास्त्रज्ञ त्यांना पुस्तक-फुफ्फुसं म्हणतात. दोन पुढे, दोन मागे. पुढच्या दोघांच्या मधोमध एक आडवी खाच जाते. बघायचं असतं ते त्या खाचेच्या कडेशी.

मादी असेल, तर तिथे आतल्या बाजूला एक छोटा पडदा उभा असतो. नराकडून मिळालेलं बीज साठवायची ती थैली. जातीजातीत तिचा आकार वेगळा. कुठे दोन बोटांसारखा, कुठे एकच रुंद. नर असेल, तर त्या जागी असा पडदा नसतो.

“पण आतला अवयव कातीत कसा येईल?” मी विचारलं.

सर खूश झाले; चाळीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नाही म्हणाले. त्या थैलीचं अस्तरही कातडीचंच असतं. मादी कात टाकते तेव्हा ते अस्तरही टाकते आणि त्यात साठवलेलं बीजही जातं. म्हणजे मोठी झालेली मादी दर वेळी कात टाकून पुन्हा कोरी होते. मागचं काही शिल्लक ठेवत नाही. श्रोतेहो, मी कवी माणूस. हे ऐकून मी बराच वेळ गप्प होतो.

नर ओळखायच्या आणखी खुणा आहेत, पण त्या उशिरा उमटतात. तोंडापाशी पायांसारख्या दिसणाऱ्या दोन सोंडा असतात. वयात आलेल्या नराच्या सोंडांची टोकं मुष्टियोद्ध्याच्या हातमोज्यासारखी फुगतात. तो छोटंसं जाळं विणतो, त्यावर आपलं बीज सोडतो, ते या टोकांत भरून घेतो आणि मग प्रवासाला निघतो. अनेक जातींत त्याच्या पुढच्या पायांना आकडेही फुटतात. भेटीच्या वेळी मादीचे विषारी सुळे त्या आकड्यांवर तोलून धरायचे असतात. पण हे सगळं शेवटच्या कातीनंतर. तोवर तो आणि ती दिसायला एकसारखे. आमच्या जिल्ह्यातला सारस पक्षीही तसाच. परसवाड्याच्या तलावावर जोडी उभी असली, तर नर कुठला आणि मादी कुठली ते नुसतं पाहून सांगणं कठीण.

सरांनी काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. बराच वेळ चाक फिरवत राहिले. मग काही न बोलता बाजूला झाले आणि भाच्याला डोळा लावायला सांगितलं. तो वाकला. क्षणभर शांतता. आणि एकदम उठून तो ओरडला, “लडकी है! मामू, लडकी है!”

पोरांनी टाळ्या वाजवल्या. सर हसत होते. मी सहज मागे वळून पाहिलं.

दारात आपा उभी होती. हातात तांदळाचं सूप. तिने ओरडणं ऐकलं होतं, पण कशाबद्दल ते तिला कळलं नव्हतं. तिला वाटलं, विलायतेच्या डॉक्टरचा फोन आला. तिचा चेहरा उतरला होता. अगदी क्षणभरच, भाचा “बेगम, बेगम” म्हणत नाचायला लागला, तशी तिला चूक उमगली आणि ती कसनुसं हसली. पण तिच्या मागे सूनबाई उभी होती आणि तो क्षण तिने पाहिला होता. मीही पाहिला होता.

सूनबाई काही बोलली नाही. वळून आत गेली आणि तांदूळ निवडायला बसली.

इंग्लंडात साधारण विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीच्या वेळी आई-बापांना हवं असेल, तर मुलगा की मुलगी हे सांगतात. तिथे तो गुन्हा नाही. सूनबाई आली त्याच दिवशी आपाने आडून विचारलं होतं, “तिकडे तर सांगतात ना?” सूनबाई म्हणाली होती, “सांगतात, अम्मी. आम्ही विचारलं नाही.” आपाचा त्यावर विश्वास बसला नव्हता. विचारलं नाही म्हणजे मुलगी असणार, असं तिने मनाशी धरलं होतं. एका नातेवाइकाने तर मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की, जिल्ह्याबाहेर, सीमेपलीकडे ‘सोय’ होते. मी त्याला हाकलून दिलं. पण आपाला मी काही बोललो नव्हतो.

आपल्या देशात हे विचारणं आणि सांगणं गुन्हा का, हे पुन्हा आठवून पाहा. आपल्या राज्याने 1988 मध्ये गर्भलिंगनिदानावर कायदा केला. असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. केंद्राचा कायदा 1994 मध्ये झाला, 1996 पासून लागू झाला आणि 2003 मध्ये तो आणखी कडक झाला. तरी शून्य ते सहा वयाच्या दर हजार मुलांमागे मुली राज्यात 2001 च्या जनगणनेत 913 होत्या आणि 2011 मध्ये त्या 894 झाल्या. बीड जिल्ह्यात तर 807. आमचा गोंदिया जिल्हा राज्याच्या सरासरीच्या बराच वर. धानाच्या बांधीत रोवणी बाईच्या हातानेच होते, हेही त्याचं एक कारण असेल. पण आकडा बरा आहे म्हणून माणसाचं मन बरं असतंच असं नाही. ते मी त्या सकाळी माझ्याच घराच्या दारात पाहिलं.

दोन्हीकडे प्रश्न तोच, नर की मादी. कोळ्याच्या बाबतीत आम्ही उत्तरासाठी धडपडलो आणि मादी निघाली म्हणून नाचलो, कारण ती जास्त जगणार. माणसाच्या बाबतीत उत्तर कळू नये म्हणून कायदा करावा लागला, कारण उत्तर कळलं तर ती जगणार नाही. त्या बशीतल्या पापुद्र्याने माझी झोप उडवली ती या विचाराने.

दुपारी सर गेल्यावर मी आपाजवळ बसलो. ती रोज सकाळी कुरआन वाचते. मी तिला एवढंच विचारलं, “आपा, सूरा नहलमध्ये काय म्हटलंय? मुलगी झाल्याची बातमी ऐकून ज्याचं तोंड काळवंडतं, त्याच्याबद्दल?” ती माझ्याकडे बघत राहिली. मग डोळ्यांना पदर लावून म्हणाली, “तू कोण मला शिकवणार? तुझी धाकटी झाली तेव्हा तू तीन दिवस दवाखान्यात आला नव्हतास.”

श्रोतेहो, हे खरं आहे. मोठीच्या वेळी मी गावभर जिलेबी वाटली होती. दुसरीही मुलगीच झाली तेव्हा नोकरीचं निमित्त सांगून मी तीन दिवस गेलो नाही. बायकोने कधी बोलून दाखवलं नाही. मी मुलींवर कविता लिहिल्या, लोकांनी टाळ्या दिल्या, आणि ते तीन दिवस मी विसरून गेलो. आपा विसरली नव्हती. आज ती धाकटीच माझ्या औषधांच्या वेळा सांभाळते. मग मी आपाला काय शिकवणार? आम्ही दोघं भावंडं एकाच खाटेवर गप्प बसून राहिलो.

संध्याकाळी आपा उठली आणि सूनबाईच्या खोलीत गेली. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. बाहेर आली तेव्हा भाच्याला म्हणाली, “तुझी ती मकडी किती वर्षं जगेल म्हणालास?” तो म्हणाला, “पंचवीससुद्धा.” मग त्याने आम्हाला ऑस्ट्रेलियातली एक गोष्ट सांगितली. बार्बरा यॉर्क मेन नावाच्या शास्त्रज्ञ बाईंनी 1974 मध्ये तिथल्या रानात बिळात राहणाऱ्या कोळ्यांच्या घरांना नंबर देऊन अभ्यास सुरू केला. हा कोळी टॅरंटुलाचाच लांबचा नातेवाईक, बिळाला झाकण लावून राहणारा. सोळा नंबरच्या बिळात एक मादी होती. ती त्याच बिळात त्रेचाळीस वर्षं जगली आणि 2016 मध्ये गेली, तीही म्हातारपणाने नव्हे, एका गांधीलमाशीमुळे. एका बाईने दुसऱ्या बाईचं घर त्रेचाळीस वर्षं सांभाळून पाहिलं, असं मला वाटलं. आपा म्हणाली, “अल्लाने तिला मोजून दिले होते तेवढे जगली. मध्ये कुणी झाडू घेऊन आलं नाही, एवढंच.”

भाचा रजा संपवून गेला. कातीची डबी मात्र माझ्याकडे ठेवून गेला. जाताना म्हणाला, “मामू, हा शौक इथे कुणाला लावू नका.” खरं आहे. जुलै 2021 मध्ये पोलंडहून आलेल्या एका टपाल पार्सलात चेन्नईच्या कस्टमवाल्यांना एकशे सात जिवंत कोळी सापडले होते, छोट्या कुप्यांत, चांदीच्या कागदात आणि कापसात गुंडाळलेले. ते परत पाठवावे लागले. अशा चोरट्या व्यापारामुळे रानं रिकामी होतात. आपल्याकडच्या पोसिलोथेरिया कुळाच्या परदेशी व्यापारावरही 2019 पासून आंतरराष्ट्रीय कराराचं बंधन आहे. तेव्हा पावसाळ्यात घरात कोळी शिरलाच, तर त्याला डब्यात घालून पाळू नका आणि झाडूही उगारू नका. रुंद तोंडाची बरणी त्याच्यावर उपडी ठेवा, खालून जाड पुठ्ठा सरकवा आणि कुंपणापलीकडे झाडापाशी नेऊन सोडा. हात लावू नका. तो चावू शकतो. बिचारा कुणाच्या तरी शोधात निघालेला असतो.

अडीच महिन्यांनी गोंदियाच्या दवाखान्यातून पहाटे फोन आला. आपा इथे, माझ्या घरी होती. फोन तिनेच घेतला. मी शेजारी उभा होतो आणि तिचं एकेक वाक्य कान देऊन ऐकत होतो. तिने आधी विचारलं, “सूनबाई कशी आहे?” मग विचारलं, “बाळ रडलं ना लगेच?” मग “अल्हम्दुलिल्लाह” म्हणून तिने फोन ठेवला आणि मला म्हणाली, “ऊठ, मिठाईवाल्याला उठव. दोन किलो जास्त सांग.”

मी चप्पल घातली. फाटकापर्यंत गेल्यावर माझ्या लक्षात आलं की तिसरा प्रश्न तिने विचारलाच नव्हता. मी परत फिरलो नाही. मिठाईवाल्याने विचारलं, “काय झालं, भाऊ?” मी म्हणालो, “बाळ झालं. दोघं सुखरूप आहेत.” त्याने पेढे तोलायला घेतले.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)